'धरवत नाही' म्हणजे नेमके किती? मेंदू-मणक्याच्या रुग्णांची लघवीची घाई मोजताना



या वेळच्या आरोग्य पानासाठी आम्ही असा विषय घेतला आहे, ज्यावर घरातसुद्धा कुजबुजूनच बोलले जाते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील वस्त्यांवर घरभेटी देताना आम्हाला अर्धांगवायू झालेले, पार्किन्सन्सचा आजार असलेले, अपघातात मणक्याला मार बसलेले रुग्ण भेटतात. पुणे-सोलापूर आणि पुणे-नगर हे दोन मोठे रस्ते या दोन तालुक्यांतून जातात. उसाचे ट्रॅक्टर, कंपन्यांचे कंटेनर, मोटरसायकली यांची गर्दी कायमची, त्यामुळे मणक्याचे आणि डोक्याचे अपघात आपल्याला नवे नाहीत. रक्तदाबाची गोळी मध्येच सोडल्यामुळे झालेले अर्धांगवायूही कमी नाहीत.

अशा घरात गेले की हात कसा आहे, पाय उचलतो का, बोलणे सुधारले का, हे घरचे भराभर सांगतात. लघवीचे विचारले की सगळे गप्प होतात. मग कोणीतरी हळूच म्हणते, "धरवत नाही हो त्यांना."

एवढ्या सांगण्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. दिवसातून किती वेळा जावे लागते? रात्री किती वेळा उठावे लागते? घाई रोज होते की आठवड्यातून एखाद्या वेळी? थेंबभर होते की लुगडे बदलावे लागते? ताप आपण मोजतो, रक्तदाब मोजतो, साखर मोजतो. लघवीची घाईसुद्धा मोजता येते. त्यासाठी एक वही, एक पेन आणि एक मापाचे भांडे पुरते. ते कसे करायचे आणि त्या आकड्यांवर कितपत विसंबायचे, हे आज समजून घेऊ.

हा त्रास होतो कशामुळे?

मूत्रपिंडात लघवी तयार होते आणि मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत साठते. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पिशवी भरत असताना तिचे स्नायू सैल राहतात आणि तोंडाशी असलेली झडप घट्ट मिटलेली असते. पिशवी भरत आल्याचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो. मेंदू म्हणतो, "थांब, अजून जागा मिळालेली नाही." संडासात बसल्यावर मेंदू परवानगी देतो. मग पिशवी आवळते, झडप उघडते आणि लघवी होते.

ही सगळी कामे नसांच्या तारांवर चालतात. तार कुठे तुटली यावर त्रास कोणता हे ठरते.

मेंदूत बिघाड झाला, जसा अर्धांगवायूत किंवा पार्किन्सन्समध्ये होतो, तर "थांब" म्हणणारा आवाज क्षीण होतो. पिशवी थोडी भरली तरी आवळू लागते. अचानक अशी घाई होते की दोन मिनिटेही थांबवत नाही. यालाच डॉक्टर 'ओव्हरअॅक्टिव्ह ब्लॅडर' म्हणतात. आपण त्याला अतिचंचल मूत्राशय म्हणू.

पाठीच्या मणक्यात मज्जारज्जूला मार बसला तर पिशवी आपल्या मनाने आवळते, पण त्याच वेळी झडपही आवळून बसू शकते. आतला दाब वाढतो आणि लघवी उलटी मूत्रपिंडाकडे ढकलली जाते. धोका इथे सर्वांत जास्त असतो.

कमरेच्या खालच्या नसा दुखावल्या किंवा जुन्या मधुमेहाने नसा बधिर झाल्या तर पिशवी ढिली पडते. ती आवळतच नाही. काठोकाठ भरते आणि वरून थेंब थेंब सांडत राहते. घरच्यांना वाटते लघवी जास्त होते. प्रत्यक्षात ती आत तुंबलेली असते.

तिन्ही रुग्णांची तक्रार एकच असते, कपडे ओले होतात. उपचार मात्र वेगवेगळे आहेत. पहिल्याला उपयोगी पडणारी गोळी तिसऱ्याची लघवी पूर्ण अडवू शकते. म्हणून शेजारच्याची गोळी आणून घेऊ नका, असे आम्ही वारंवार सांगतो.

मोजण्याआधी चार गोष्टी पाहा

एक, लघवीत जंतुसंसर्ग आहे का. जळजळ, दुर्गंधी, गढूळपणा, ताप ही त्याची लक्षणे. मज्जारज्जूच्या रुग्णाला जळजळ कळत नाही, त्यामुळे अचानक गळती वाढली तरी लघवी तपासून घ्यावी. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा.

दोन, रक्तातील साखर. साखर वाढली की लघवीचे प्रमाणच वाढते.

तीन, बद्धकोष्ठ. आतडे खड्याने भरले की ते पिशवीवर दाबते आणि घाई वाढते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात हे हमखास आढळते.

चार, चालू औषधे. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. त्या स्वतःहून बंद करू नका. कोणत्या वेळी घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारा.

या चार गोष्टींची तपासणी झाली की मोजमापाला अर्थ येतो.

तीन दिवसांची वही

शाळेच्या वहीचे पान घ्या. सहा रकाने आखा: वेळ, काय प्यायले व किती, लघवी किती मिलिलिटर, घाई झाली का, कपड्यात झाली का, संडासापर्यंत पोचायला किती वेळ लागला. तीन दिवस आणि तीन रात्री प्रत्येक वेळेची नोंद करा. दिवस सलग असले तर चांगलेच, पण तसा आग्रह नाही. लिहिता न येणाऱ्यांनी रेघा मारल्या तरी चालते. दिवसाची लघवी म्हणून उभी रेघ, रात्रीची आडवी, कपड्यात झाली तर फुली.

मापासाठी दुकानात प्लास्टिकचा खुणांचा मग मिळतो. तो नसेल तर पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली वरून कापा, दुसऱ्या मापाने १००-१०० मिलिलिटर पाणी ओतत जा आणि बाहेरून पेनाने खुणा करा. हे भांडे फक्त याच कामासाठी वेगळे ठेवा आणि प्रत्येक वेळी धुवून घ्या.

कपड्यात किती गळते तेही मोजता येते. कोरड्या घडीचे वजन करा. ओली झाल्यावर त्याच काट्यावर पुन्हा करा. जितके ग्रॅम वाढले, साधारण तितके मिलिलिटर लघवी गळली. घडी पिशवीत बांधून ठेवली तर ती मधल्या वेळेत वाळत नाही.

वही कोणी धरायची हाही प्रश्न असतो. सुनेला सासऱ्यांच्या लघवीचे विचारायला अवघड जाते, सासऱ्यांना सांगायला त्याहून अवघड. अशा घरात मुलाने किंवा नातवाने वही सांभाळावी. ज्याचा उजवा हात चालत नाही त्याला डाव्या हाताने रेघ मारता येते. जमेल तितके रुग्णालाच करू द्या. आपल्या शरीराचा हिशेब आपल्या हातात आहे, हे वाटणेही उपचाराचाच भाग आहे.

वही काय सांगते? रोज बारा वेळा लघवी होते आणि दर वेळी १०० मिलिलिटरच होते, तर पिशवी लवकर आवळते आहे. बारा वेळा होते आणि दर वेळी ३०० मिलिलिटर होते, तर दिवसाची लघवी साडेतीन लिटरच्या पुढे गेली. दोष पिशवीचा नसावा, साखर आणि पिण्याचे प्रमाण पाहायला हवे. वयस्कर माणसाची चोवीस तासांतली एक-तृतीयांशाहून जास्त लघवी रात्री होत असेल, तर पायांवरची सूज, हृदय आणि रात्रीच्या वेळी घेतलेला चहा-पाणी यांकडे बघावे लागते.

चार प्रश्न, पंधरा गुण

वहीवरून आता तीव्रतेचा आकडा काढू. जपानमधील डॉ. युकियो होम्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली चार प्रश्नांची एक पद्धत प्रसिद्ध केली. जगभर ती वापरली जाते. मागील एक आठवडा डोळ्यांसमोर ठेवून उत्तर द्यायचे.

पहिला प्रश्न: सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत किती वेळा लघवीला जाता? ७ किंवा कमी असेल तर ० गुण, ८ ते १४ असेल तर १, १५ किंवा जास्त असेल तर २.

दुसरा प्रश्न: झोपल्यापासून सकाळी उठेपर्यंत लघवीसाठी किती वेळा उठता? एकदाही नाही ०, एकदा १, दोनदा २, तीनदा किंवा जास्त ३.

तिसरा प्रश्न: अचानक अशी लघवी लागते का, की थांबणे कठीण जाते? कधीच नाही ०, आठवड्यातून एकदापेक्षा कमी १, आठवड्यातून एकदा किंवा जास्त २, रोज साधारण एकदा ३, रोज २ ते ४ वेळा ४, रोज ५ वेळा किंवा जास्त ५.

चौथा प्रश्न: अशी घाई होऊन थांबवता न आल्याने कपड्यात होते का? गुण तिसऱ्या प्रश्नासारखेच, ० ते ५.

एकूण गुण १५. तिसऱ्या प्रश्नाला किमान २ आणि एकूण किमान ३ गुण असतील तर अतिचंचल मूत्राशयाची शंका घेतात. ५ पर्यंत सौम्य, ६ ते ११ मध्यम, १२ आणि त्यावर तीव्र.

दोन गोष्टी सांभाळा. बराच वेळ गेला म्हणून लागलेली नेहमीची लघवी ही 'घाई' नव्हे. घाई म्हणजे एकाएकी येणारी आणि मागे न हटणारी कळ. दुसरे, खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना होणारी गळती चौथ्या प्रश्नात धरू नका. तो वेगळा त्रास आहे, त्याची वेगळी नोंद करा.

उदाहरण घेऊ. समजा, दौंड तालुक्यातील एक आजी आहेत. आठ महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारे गेले. आता काठी घेऊन चालतात. दिवसा ११ वेळा जातात, १ गुण. रात्री ३ वेळा उठतात, ३ गुण. घाई रोज दोन-तीनदा होते, ४ गुण. रोज साधारण एकदा लुगडे ओले होते, ३ गुण. बेरीज ११, म्हणजे मध्यम, पण तीव्रच्या उंबरठ्यावर.

घरच्यांनी शेवटचा चहा संध्याकाळी पाचला आणला, दर दोन तासांनी त्यांना आठवणीने नेऊ लागले, रात्री खाटेशेजारी भांडे ठेवले. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजले: दिवसा ९ वेळा, १ गुण. रात्री दोनदा, २ गुण. घाई रोज एकदा, ३ गुण. गळती आठवड्यातून दोनदा, २ गुण. बेरीज ८. तीन गुण कमी झाले. या पद्धतीत ३ गुणांची घट रुग्णाला स्वतःला जाणवण्याइतकी मानतात. न मोजता आजींना विचारले असते तर त्या म्हणाल्या असत्या, "अजून होतंच की गं." वहीमुळे कळले की वाट बरोबर आहे.

गुण कुठे फसवतात?

ही पद्धत मुळात सर्वसाधारण रुग्णांसाठी तयार झाली. मेंदू-मणक्याच्या रुग्णांत ती वापरतात, पण डोळे उघडे ठेवून. आमच्या घरभेटींत या जागा नेहमी दिसतात.

संडास लांब असतो. घर एकीकडे, संडास अंगणाच्या टोकाला, मध्ये दोन पायऱ्या. लकवा झालेल्या माणसाला तिथे पोचायला पाच मिनिटे लागतात. कपड्यात होते, पण त्यातला दोष किती पिशवीचा आणि किती वाटेचा? म्हणूनच वहीत पोचायला लागलेल्या वेळेचा रकाना आहे. आठवडाभर खाटेजवळ भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवा आणि पुन्हा गुण काढा. चौथ्या प्रश्नाचे गुण एकदम उतरले तर गोळीपेक्षा जवळच्या संडासाची गरज मोठी आहे, हे सिद्ध झाले.

पाणी तोडलेले असते. बाहेर जायचे, तालुक्याच्या दवाखान्यात थांबायचे, एसटीने पुण्याला जायचे म्हणून रुग्ण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. बायका तर हे आयुष्यभर करत आल्या आहेत. शेतात आडोसा नाही, ऊसतोडीच्या कोपीवर संडास नाही, मग पाणी कमी प्यायचे. अशाने गुण कमी येतात आणि आजार लपतो. शिवाय दाट झालेली लघवी पिशवीला चुरचुरते, जंतुसंसर्ग होतो, खडे होतात. वहीत पिण्याचा रकाना त्यासाठीच.

संवेदनाच नसते. मणक्याला मार लागलेल्या अनेकांना पिशवी भरल्याचे कळतच नाही. घाई कळत नाही, म्हणून तिसऱ्या प्रश्नाला शून्य. गळती घाईशिवाय होते, म्हणून चौथ्यालाही शून्य. एकूण गुण दोन-तीन, आणि आत पिशवीचा दाब मात्र धोक्याच्या वर. अशा रुग्णाला कमी गुण म्हणजे सौम्य आजार, असे कधीच समजू नये.

नळी किंवा डायपर असतो. नळी असलेला माणूस संडासाला जातच नाही, त्याचे चार प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याच्या बाबतीत नळीच्या कडेने गळते का, पिशवीत रोज किती लघवी जमते, रंग कसा आहे, हे लिहावे.

बोलता येत नाही. अर्धांगवायूनंतर वाचा गेलेल्या माणसाला "घाई झाली का?" या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. एका कागदावर संडासाचे चित्र काढून हाताशी ठेवा. चुळबुळ, पांघरूण ओढणे, चेहऱ्यावरची बेचैनी यांवरून घरचे ओळखायला शिकतात.

याच अडचणींसाठी मज्जासंस्थेच्या रुग्णांची वेगळी प्रश्नावलीही आहे. कॅनडातील डॉ. ब्लेन वेल्क यांच्या गटाने २०१४ मध्ये २४ प्रश्नांचा 'न्यूरोजेनिक ब्लॅडर सिम्प्टम स्कोअर' मांडला. त्यात गळती, साठवण व रिकामे होणे, आणि संसर्ग-खड्यांसारखे परिणाम या तिन्ही बाजू येतात. नळी वापरणाऱ्यांचाही त्यात विचार आहे. मूत्ररोगतज्ज्ञांकडे जाल तेव्हा त्याबद्दल जरूर विचारा.

वहीत न दिसणारे आकडे

गुण हे त्रासाचे माप आहे. मूत्रपिंडाला असलेला धोका मोजण्यासाठी आणखी तपासण्या लागतात.

पहिली, लघवी झाल्यावर पिशवीत किती उरते. लघवी करून लगेच सोनोग्राफी केली की हे कळते. ५० मिलिलिटरपर्यंत उरणे सहसा चिंतेचे नाही. २०० च्या वर उरत असेल तर पिशवी नीट रिकामी होत नाही, हे नक्की. मधल्या आकड्यांचा अर्थ डॉक्टर रुग्ण पाहून लावतात. घाईची गोळी सुरू करण्याआधी हा आकडा मागा. मणक्याचा रुग्ण, जुना मधुमेही आणि प्रोस्टेट वाढलेला पुरुष यांच्या बाबतीत तर नक्कीच मागा.

दुसरी, मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि रक्तातील क्रिएटिनिन. मज्जारज्जूच्या रुग्णाने त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी ते वर्षाने, डॉक्टर सांगतील तसे, हे करावे.

तिसरी, युरोडायनॅमिक तपासणी. बारीक नळीतून पाणी भरत पिशवीतला दाब मोजतात. गळती सुरू होताना हा दाब ४० सेंटिमीटर पाण्याच्या वर असेल तर मूत्रपिंडाला धोका असतो, हे अमेरिकेतील डॉ. एडवर्ड मॅग्वायर यांनी १९८१ मध्ये दाखवले. ही सोय पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत आहे. सगळ्यांना ती लागत नाही, पण मणक्याच्या रुग्णाला बहुधा लागते.

एके काळी मज्जारज्जू तुटलेली माणसे लकव्याने नव्हे, तर लघवीचा संसर्ग आणि मूत्रपिंड निकामी होण्याने दगावत. लघवीची शिस्त बसवल्यावर हे चित्र पालटले. आपल्या पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून मणक्याला दुखापत झालेल्या सैनिकांना आधार देत आहे. चाकाच्या खुर्चीवरचे जवान तिथे खेळतात, काम करतात. जवानाला जे मिळते ते ऊस वाहणाऱ्या चालकाला आणि बांधकाम मजुरालाही मिळाले पाहिजे.

मोजल्यानंतर काय?

सौम्य गुण असतील तर घरगुती शिस्तीने सुरुवात करा. पाणी दिवसभरात विभागून प्या, तोडू नका. संध्याकाळनंतर चहा टाळा. पोट साफ ठेवा. दर दोन-तीन तासांनी घड्याळ पाहून जा. ज्यांना संवेदना आणि समज चांगली आहे त्यांनी खालचे स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकून घ्यावा.

मध्यम किंवा तीव्र असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन या जातीच्या गोळ्या पिशवी शांत करतात. पण तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणे हे त्यांचे त्रास आहेत. वयस्करांत आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांत गोंधळलेपणाही येऊ शकतो, आजोबा एकाएकी असंबद्ध बोलू लागले तर नवी गोळी आठवा. मिराबेग्रॉन ही वेगळ्या जातीची गोळी आहे, ती घेताना रक्तदाब तपासत राहावे. गोळ्यांनी भागले नाही तर घोट्याजवळच्या नसेला सौम्य विजेचे उत्तेजन किंवा पिशवीत बोटॉक्सचे इंजेक्शन हेही मार्ग आहेत.

लघवी मागे उरत असेल तर दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून पिशवी रिकामी करायची आणि नळी काढून टाकायची. १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडिस यांनी ही पद्धत मांडली, तेव्हा अनेकांना ती धाडसाची वाटली होती. त्यांचा मुद्दा साधा होता, पिशवी वेळेवर रिकामी होणे सर्वांत महत्त्वाचे, त्यासाठी साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरते. मात्र हे एकदा परिचारिकेकडून समोर बसून शिकून घ्या. कायमची नळी ठेवून देण्यापेक्षा ही पद्धत बहुतेकांना सुरक्षित असते.

थांबू नका, त्याच दिवशी जा

थंडी वाजून ताप, लघवीत रक्त, ओटीपोट फुगून लघवी बंद होणे. पायांत नव्याने आलेली अशक्तता आणि बसायच्या जागी बधिरपणा. आणि मणक्याच्या रुग्णांसाठी खास: दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोके ठणकू लागले, घाम फुटला, चेहरा लाल झाला, तर रक्तदाब भयंकर चढलेला असू शकतो. बहुतेक वेळा तुंबलेली लघवी हेच कारण असते. रुग्णाला ताठ बसवा, नळीला पीळ पडला आहे का पाहा, कपडे सैल करा आणि १०८ ला फोन करा.

कुठे जायचे, काय मागायचे?

सुरुवात गावातील आशाताई आणि आरोग्य केंद्रापासून करा. पुढे शिरूरचे ग्रामीण रुग्णालय, दौंडचे उपजिल्हा रुग्णालय आणि गरज पडल्यास पुण्याचे ससून. पुण्याची खेप साठ-सत्तर किलोमीटरची, मजुरी बुडवून केलेली. ती रिकाम्या हाताने करू नका. तीन दिवसांची वही, चार प्रश्नांचे गुण, चालू गोळ्यांची पाकिटे आणि जुने कागद सोबत न्या. पाच मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना हे दाखवले तर बोलणे मुद्द्यावर येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे आजारही येतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. तपासणीच्या वेळी हातापायाबरोबर लघवीचा त्रासही सांगा आणि वही पुढे ठेवा. ग्रामसभेत रुग्णाच्या घराजवळ संडास, पायऱ्यांऐवजी उतार, धरायला दांडा यांची मागणी करा. नुसते "अडचण आहे" म्हणण्यापेक्षा "रात्री चार वेळा, तीस पावलांवर" असे आकड्यांत सांगितले तर मागणीला वजन येते.

लाज कोणाची?

या त्रासाने माणसे घरात कोंडली जातात. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला न चुकता येणारी उपासिका येईनाशी होते, कारण वंदना चालू असताना मध्येच उठावे लागते. १ जानेवारीला पेरणे फाट्यावरच्या जयस्तंभाला अभिवादन करायला सारे घर निघते आणि आजोबांना मागे ठेवले जाते. कोणी रागावून ठेवत नाही. "तिथे त्यांची सोय कशी करायची?" एवढाच प्रश्न असतो. वही असेल तर त्याचेही उत्तर काढता येते. किती तासांनी जावे लागते हे माहीत असते, त्याप्रमाणे वाटेतले थांबे ठरतात, जादा कपडे आणि घड्या बरोबर घेतल्या जातात. विहारात दाराजवळची जागा आणि एक खुर्ची राखून ठेवणे तर कोणत्याही समितीला जमेल.

विनयपिटकात प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि जवळ कोणी नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर ठेवले. नंतर भिक्खूंना एकत्र बोलावून विचारले की तो आजारी असताना त्याच्याकडे कोणी का पाहिले नाही. रुग्णाला कोणीही लाजवले नाही. उत्तर द्यावे लागले ते भोवतालच्यांना.

तेव्हा या महिन्यात एवढे करा. आपल्या घरात किंवा शेजारी असा रुग्ण असेल तर त्यांच्या शेजारी बसा, दार लोटून घ्या आणि हे चार प्रश्न विचारा. तीन दिवसांची वही लिहा. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा. वही भरताना अडले तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातील सिस्टरांना दाखवा, त्या समजावून सांगतील.

नमो बुद्धाय, जयभीम.